अंधारात बोलणारी जाऊ

माझी थोरली जाऊ उजेडात फारशी बोलत नाही. बोलायला गेली तर तिचं एक वाक्य पुरं होईपर्यंत गॅसवरचं दूध उतू जातं. शब्द ओठांपर्यंत येतो आणि उंबऱ्यात आडवा पडून राहतो. मग ती डोळे मिटते, मान जराशी कलती करते, पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा ढकलते, आणि घाम मात्र समोरच्या माणसाला फुटतो. मी या घरात नवी आले तेव्हा मला वाटलं, बाई शिष्ट दिसते, धाकट्या जावेशी चार शब्द बोलायला हिचं काय जातं? माझा स्वभाव मुळात तापट, त्यामुळे मीही तोंड फुगवून बसले. मग एका संध्याकाळी वीज गेली. स्वयंपाकघरात मिट्ट काळोख झाला आणि माझ्या कानाशी एक आवाज म्हणाला, "अगं, हलू नकोस. तुझ्या उजव्या पायाशी गरम पातेलं आहे."

सलग, शांत, कुठेही न अडखळता. मी दचकून विचारलं, "कोण आहे?"

"मीच की. तुझी जाऊ."

वीज येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून बोलत राहिलो. तेवढ्यात तिने मला या घराची सगळी कुंडली सांगून टाकली. सासरे कशाने चिडायचे, माझा नवरा लहानपणी कशाला भ्यायचा, कोणतं कपाट लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. तिचा आवाज असा, की पातेल्याबद्दल बोलली तरी वाटावं, कुणी डोक्यावरून हात फिरवतंय. दिवे आले आणि ती वाक्याच्या मध्यावर थांबली. ते उरलेलं वाक्य मी कितीदा मागितलं, पण ती नुसती हसते.

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्याकडचं भांडण ऐकायचं असेल तर आधी बटण बंद करावं लागतं." ते पत्र्याचं काम करतात. छपरं, पन्हळी, टाक्या, जे गळेल ते त्यांचं. विद्यापीठाच्या तारांगणाचा घुमट पत्र्याचा, तो गळायला लागला म्हणून तरुणपणी त्यांना बोलावलं होतं. ते वर चढून सांधे बुजवत होते आणि खाली खेळ चालू होता. पत्र्याला कान लागला तर आतून बाईचा आवाज: "आता मान मागे टाका. घाई नाही. रात्र मोठी आहे." भाऊजींनी हत्यारं बाजूला ठेवली, पत्र्यावर आडवे झाले आणि भर दुपारच्या उन्हात डोळे मिटून चांदणं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नसलेली गळती शोधायला पुन्हा वर गेले. तिसऱ्या दिवशीही. "घुमट बुजला, मीच गळायला लागलो," असं ते म्हणतात. शेवटी खाली उतरून तिला उजेडात भेटले आणि लग्नाचं विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उत्तराला इतका वेळ लावला की त्यांनी नकारच धरला. ते अर्ध्या पायऱ्या उतरले होते तेव्हा मागून 'हो' आला.

त्या तारांगणात ती लागली होती तिकिटं फाडायला आणि बॅटरी दाखवून लोकांना खुर्च्यांशी न्यायला. बोलायचे ते भौतिकशास्त्राचे एक वयस्क प्राध्यापक. एका दिवशी आत लहान मुलं भरलेली, दिवे मालवलेले, आणि प्राध्यापकांचा घसा असा बसला की नुसती खरखर. मुलं रडायच्या बेतात आली. तेव्हा दारापाशी उभी असलेली माझी जाऊ म्हणाली, "घाबरू नका. रात्र झालीय, एवढंच." आणि मग ती बोलतच राहिली. आपण अडखळत नाही आहोत हे तिला खेळ संपल्यावर कळलं, तेही दिवे लागून जीभ पुन्हा अडल्यावर. प्राध्यापकांना बोलायचा कंटाळा आलाच होता. त्यांनी तिकिटं फाडायचं काम आनंदाने घेतलं आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तेच केलं.

तिचं खगोलशास्त्र तसं यथातथाच. एखाद्या ताऱ्याचं अंतर विसरली तर बेधडक म्हणायची, "हा फार लांब आहे, आज त्याचा विचार नको." एका ताऱ्याबद्दल ती नेहमी सांगायची की हा जरा उशिरा येतो, याचं घर दूर आहे. कुणीतरी तक्रारही केली होती की विद्यापीठाच्या तारांगणात हे काय चाललंय. पण लोक यायचे, आणि खरं सांगायचं तर बरेचसे झोपायला यायचे. रुग्णालयातून सुटलेल्या परिचारिका, नापास झालेली पोरं, तान्ह्या बाळाने जागवलेल्या आया. मागे रेललेल्या त्या खुर्च्या, जुन्या मखमलीचा धुळकट वास, मध्ये मोठ्या मुंगीसारखं उभं ते छतावर तारे पाडणारं यंत्र, वर सावकाश सरकणारं आभाळ, आणि तिचा आवाज. पहिली चांदणी उगवायच्या आत निम्म्या माना कलायच्या. झोपलेल्याला उठवायचं नाही, हा तिथला नियम तिनेच घातला होता. खेळ संपला, पुढचा सुरू झाला, तरी झोपलेला माणूस तसाच. मी कधी कधी चहाची फेरी आटोपून मागच्या रांगेत जाऊन बसायचे. मी बडबडी बाई, पण तिथे माझंही तोंड बंद व्हायचं. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे कळेनासं व्हायचं. आभाळ अंगावर पांघरल्यासारखं वाटायचं, आणि माझी जाऊ कुठेतरी वर, ताऱ्यांच्या मागे बसून बोलते आहे असं.

चहाची फेरी म्हणाले, कारण मीही त्याच विद्यापीठात, उपाहारगृहात चहाच्या कामाला आहे. कोणत्या खोलीत कोण काय बोलतं, हे मला कुलगुरूंच्याही आधी कळतं. त्यामुळे सरकारचं सांगणं आलं तेही मला पहिल्या दिवशीच कळलं. पुढच्या वर्षी विद्यापीठाला पैसे कमी मिळणार. कुठे कमी करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा आणि आम्हाला कळवा. म्हणजे सुरीही तुमची आणि बोटही तुमचंच.

विद्यापीठाने आधी लहानसहान गोष्टींवर हात चालवला. बागेतलं कारंजं बंद झालं. चहाचे पेले लहान झाले आणि शिव्या मला बसल्या. मग वित्त अधिकाऱ्यांनी ते दिवे आणले. खोलीत कुणी हललं तरच जळणारे. थोडा वेळ हालचाल नसली की आपोआप बंद. वाचणारा माणूस हलत नाही, हे विकत घेताना कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे ग्रंथालय सगळ्यात काळं झालं. कचेऱ्यांत लोक टंकत टंकत मध्येच हात वर करून हवेत हलवायचे. बाहेरून जाणारे नवे विद्यार्थी, आपल्यालाच बोलावतायत असं समजून, उलट हात करायचे. गणिताचे एक अध्यापक विचार करायला बसले की त्यांच्या खोलीत अंधार व्हायचा, आणि त्यावरून शिपाई ओळखायचा की आत जायचं नाही. वित्त अधिकारी मात्र खूश होते. माणूस वाईट नव्हता. कात्री हातात असलेला माणूस असतो तसा होता. चहा बिनसाखरेचा घ्यायचे आणि पेला स्वतः खाली आणून द्यायचे.

पण दिवे विझवून किती वाचणार? समिती बसली. प्रत्येक विभागाने समितीपुढे यायचं आणि आपण का राहावं हे तोंडी सांगायचं, असं ठरलं. मोठ्या विभागांचे प्रमुख टाय लावून आले आणि गेले. तारांगणात प्रमुख म्हणून कुणी उरलंच नव्हतं. होती ती माझी जाऊ. भर दुपारी, सभागृहात, लखलखीत उजेडात, सगळ्यांसमोर तिला बोलायचं होतं.

त्या संध्याकाळी ती भाजी चिरत होती. मी मुद्दाम उठून दिवा मालवला आणि तिच्याजवळ बसले.

"ताई, काय करणार आहेस?"

"काय करणार," ती म्हणाली. सुरीचा आवाज थांबला. "आभाळ काय, ते बाहेरही आहे. त्याला माझी गरज नाही. पण बाहेर मी मुकी आहे गं. चार माणसांत बोलायची माझी एवढीच एक जागा आहे. घुमट गेला तर मी बोलायचं कुठे? इथे, दिवा मालवून, तुझ्याशी आणि यांच्याशी?"

"मग मी बोलते समितीपुढे. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्या विद्यापीठाला ठाऊक आहे. एकेकाला असं सोलून काढते..."

"नको. तू बोललीस तर माझं बोलणं तिथेच संपलं."

मी तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी अंधारातच चिरायला लागले. मग भाऊजी आले आणि दारातून ओरडले, "काय भांडण चाललंय का?"

त्या दिवशी सभागृहात चहा न्यायचं काम मी दुसऱ्या बाईकडून मागून घेतलं. मोठं ताट भरून पेले घेऊन आत शिरले तेव्हा माझी जाऊ उभी राहिली होती. लांब टेबल, पलीकडे समिती, मधोमध कुलगुरू, त्यांच्या शेजारी वित्त अधिकारी. मी भिंतीला टेकून थांबले. कुणी बोलायला उभं असताना चहा फिरवायचा नाही, असा तिथला रिवाज.

"म... म..." माझी जाऊ म्हणाली.

पहिलंच अक्षर. तिने डोळे मिटले. मान कलती केली. "म... म..."

समितीतली माणसं सभ्य होती, हेच झालं अवघड. कुणी हसलं नाही, कुणी खोकलं नाही. अशा वेळी कुठे बघावं हे कळेना, म्हणून प्रत्येकाने समोरच्या कागदावर नजर रोवली आणि सगळे दगडासारखे बसून राहिले. पेन हलेना. पान उलटेना. ती ढकलते आहे, शब्द सरकत नाही, आणि अख्खं सभागृह लाजेने गोठलेलं. मला किंचाळावंसं वाटत होतं.

आणि दिवे गेले.

सभागृहाला खिडक्या नव्हत्या. काळोख असा पडला की माझ्या हातातलं ताटही मला दिसेना. वित्त अधिकाऱ्यांचेच दिवे ते. कुणी हललं नाही म्हणून विझले. कुणाची तरी खुर्ची करकरायच्या बेतात आली, हात वर जाणार एवढ्यात आवाज आला.

"घाबरू नका. रात्र झालीय, एवढंच."

खुर्ची करकरली नाही.

"हात हलवू नका. थोडा वेळ असेच बसा. तुम्ही सगळे दमला आहात, मला दिसतंय. उजेडात माझ्याकडे बघायचं तुम्हाला कठीण जात होतं, मलाही तुमच्याकडे. आता कुणाला काही कठीण नाही. मनातच मान मागे टाका. वर छत होतं ना? ते आता नाही. जरा थांबलात की एक चांदणी दिसेल. सुरुवातीला एकच दिसते. घाई केली की तीही जाते."

मी मान न हलवता नजर वर केली. देवाशपथ सांगते, मला दिसली.

ती बोलत राहिली. पूर्वेकडून, जिथे कुलगुरू बसले होते त्या बाजूने, तिने एकेक तारा वर आणला. तो उशिरा येणारा, दूर घर असलेला, त्यालाही आणलं. मग म्हणाली, "माझ्याकडे लोक झोपायला येतात. तुमच्यातलेही काही येऊन गेलेत. नावं सांगणार नाही, अंधारात पाहिलेलं उजेडात सांगायचं नसतं. एक जण आला होता तेव्हा त्याची बायको नुकतीच गेली होती. तो शेवटच्या रांगेत बसायचा आणि पहिली चांदणी यायच्या आत झोपायचा. मी त्याच्यासाठी आवाज खाली घ्यायचे. तुम्ही विचाराल, याचा विद्यापीठाला काय उपयोग? मला माहीत नाही. तो माणूस जागा झाला की परत कामाला जायचा, एवढं मी पाहिलंय."

माझे हात भरून आले होते. ताट जड, पेले काठोकाठ, आणि मी जराशी हलले तरी लख्ख उजेड होणार. दंडात कळा येत होत्या. एक पेला सरकल्याचं मला जाणवलं. मी दात आवळून, श्वास रोखून उभी होते आणि मनात म्हणत होते, ताई, बोल, तुला हवं तेवढं बोल, मी हात तुटेपर्यंत धरते. त्या काळोखात बाकीचेही तसेच धरून बसले होते, हे मला नंतर उमगलं. एकालाही उजेड नको होता.

शेवटी हललं ते दुसरंच कुणी. ती म्हणत होती, "आता पहाट व्हायला आली आहे, पण अजून..." आणि भस्सकन दिवे लागले. वित्त अधिकाऱ्यांनी चष्मा काढला होता आणि रुमाल डोळ्यांकडे नेला होता. सगळ्यांनी त्यांना तसं पाहिलं. त्यांनी सावकाश डोळे पुसले, चष्मा चढवला, घसा खाकरला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. माझी जाऊ 'पण अजून' वरच थांबली होती. तिने मान लववली आणि ती खाली बसली. मी चहा फिरवला. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

डोळे पुसले आणि कात्री लावली. दुसरं काय? घुमट बंद करायचं ठरलं. यंत्र जुनं, पत्रा गळका, दुरुस्तीला पैसे नाहीत. पण त्यांना तिचा आवाज फार आवडला होता, आणि घोडं इथेच पेंड खात होतं. कुलगुरूंनी तिला बोलावून घेतलं. मी चहा घेऊन होतेच. ते मनापासून म्हणाले, "तुमचा आवाज वाया जाऊ द्यायचा नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मुख्य दाराशी चौकशीची खिडकी आहे. तिथले गृहस्थ निवृत्त होतायत आणि नवा माणूस घ्यायची सोय नाही. तिथे तुम्ही बसा. तुमच्यासारखं बोलणारं कोण मिळणार आम्हाला?" सुरुवातीला ती अडखळली होती, ते त्यांनी भीतीच्या खात्यावर टाकलं होतं.

तिने 'नको' म्हणायला तोंड उघडलं. "न... न..." न पुढे जाईना. डोळ्यांत पाणी आलं. कुलगुरूंना वाटलं, बाई भारावल्या. ते घाईने उठून म्हणाले, "अहो, आभार कसले मानता!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अंधारात ऐकलेला आवाज त्यांनी उचलून उजेडात नेऊन बसवला, आणि तोही खिडकीत, रांगेच्या तोंडाशी. मी रागाने त्या दिवशी कुलगुरूंच्या चहात साखर घातली नाही. एवढंच माझ्या हातात होतं.

घुमटाचा शेवटचा खेळ एका साध्याशा दुपारी झाला. जाहिरात नव्हती, पण नेहमीचे सगळे आले आणि नेहमीसारखे झोपले. यंत्रावर कापड घालायला दोन माणसं आली होती, ती दारात थांबली. माझ्या जावेने त्यांना बॅटरी दाखवून खुर्च्यांशी नेलं. "बसा जरा, हे उठले की घाला कापड." थोड्या वेळाने ती दोघंही घोरायला लागली. मी शेवटच्या रांगेतून बघत होते. आभाळ संथ फिरत होतं, सगळीकडून श्वास ऐकू येत होते, आणि ती झोपलेल्यांच्या मधून पाऊल न वाजवता चालत एकेका ताऱ्याबद्दल बोलत होती, जणू कुणाला निरोप देताना दारापर्यंत सोडायला जावं. बाहेर आलो तेव्हा उन्हाने डोळे दिपले.

त्यानंतर ती दिवा मालवल्यावरही बोलेना. भाऊजींचं धाबं दणाणलं. त्यांना सुचतं ते एकच, पत्रा. सुट्टीचा अख्खा दिवस बसून त्यांनी एक पाटी केली. कडा वळवून, घासून, वर निळा रंग देऊन. परीक्षा विभाग इकडे, प्रवेश तिकडे, ग्रंथालय सरळ, प्रत्येकापुढे बाण. "हे खिडकीत उभं कर," ते तिला म्हणाले. "कुणी विचारलं की बोट ठेव. तुला तोंड उघडायची गरजच नाही." इतकं प्रेमाने केलेलं काम मी त्यांच्या हातून पाहिलं नव्हतं. तिने पाटीवरून हात फिरवला, मान डोलावली आणि पाटी कापडात गुंडाळून ठेवली.

पहिल्या दिवशी मला राहवेना. उपाहारगृहातून पेला घेऊन मी थेट मुख्य दाराशी गेले. खिडकीवर डोळे दुखतील असा उजेड. तिथले दिवे विझायचा प्रश्नच नव्हता, कारण रांग सारखी हलत असते. काचेपलीकडे माझी जाऊ, मान जरा खाली. पाटी मला कुठे दिसेना. खिडकीशी एक मुलगी होती, खांद्याला पिशवी, चेहरा रडवेला. तिने परीक्षा विभाग कुठे आहे असं विचारलं होतं.

"प... प..." जाऊ म्हणाली. डोळे मिटले. "प..."

मुलगी ओशाळली. रांगेतल्या एका गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "लवकर करा हो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. परीक्षा विभागाचा रस्ता मला झोपेतही सांगता येतो. मी पुढे झाले, तोंड उघडलं, आणि काचेमागून तिचा पंजा वर आला. माझ्यासाठी. थांब.

मी थांबले. सगळी रांग थांबली.

"प... पहिल्या जिन्याने वर," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "ड... डावीकडे. पायऱ्या ओ... ओल्या आहेत, जपून. आणि तिथे बा... बाक आहे. आधी जरा ब... बस. खूप द... दमलीयस तू."

केवढा वेळ लागला म्हणून सांगू! पण सगळं सांगितलं. एवढं मोठं बोलणं दिवसाउजेडी तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते घुमटातल्यासारखं नव्हतं, मुळीच नव्हतं. तुटकं होतं, खडबडीत होतं, ऐकताना माझाच जीव वरखाली होत होता. मुलीने काचेवर हात टेकवून "थँक्यू" म्हटलं आणि ती गेली. मग ते घड्याळवाले गृहस्थ पुढे आले आणि धडाधड काहीतरी विचारू लागले. माझी जाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "स... सावकाश सांगा." मी चहा खिडकीवर ठेवला आणि पदराने नाक पुसत परत आले. मला तिचा इतका अभिमान वाटला की दिवसभर मी कुणाशी भांडले नाही.

रात्री आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. भाऊजी दिवसभर तळमळले होते, त्यांना धीर निघेना. पहिल्या घासालाच त्यांनी विचारलं, "पाटी उपयोगी पडली ना गं?"

ती हसली. डोळे मिटले नाहीत, भाऊजींकडेच बघत राहिली. "प... पडली की."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"ख... ख..."

तिचं आणखी काहीतरी यायचं होतं. भाऊजींचा हात ताटात तसाच राहिला. माझा नवरा घास तोंडाशी धरून थांबला.

"खु... खुर्ची डुगडुगत होती. पा... पायाखाली घातली."

भाऊजींचा चेहरा असा पडला की बघवेना. दिवसभराची मेहनत, निळा रंग, वळवलेल्या कडा, आणि खुर्चीच्या पायाखाली! मग त्यांच्या खांद्यांना आतून गदगदा हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हसतायत की रडतायत हे माझ्याने सांगवेना. माझी जाऊ त्यांचं आवरायची वाट बघत होती, कारण तिचं संपलं नव्हतं. तिला त्या मुलीचं सांगायचं होतं, घड्याळवाल्याचं सांगायचं होतं. तिने "आ... आणि..." म्हणून सुरुवात केली. आमचे खरकटे हात वाळून गेले, पण कुणी उठलं नाही.